फोटो एक्सटर्नल डिस्कवर नेताना डिलीटचं बटण सगळ्यात शेवटी

लॅपटॉपची ५१२ जीबीची एसएसडी भरत आली, लाल पट्टी दिसायला लागली की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते: फोटोंचं फोल्डर कट करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट केलं जातं. लॅपटॉप मोकळा होतो आणि ‘बॅकअप घेतला’ असं समाधान मिळतं. पण आधी फोटोंची एकच प्रत होती आणि आताही एकच आहे. फरक एवढाच, की आता ती टेबलावरून पडू शकणाऱ्या, केबल सैल होऊ शकणाऱ्या वस्तूवर आहे.

फोटो हलवणं हे एक काम आणि बॅकअप हे दुसरं. म्हणून जागा करायची असेल तेव्हा सुरुवातीलाच दोन डिस्क घ्या. एक रोजच्या वापराची आणि दुसरी तिची प्रत. अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम याच्याही पुढे जातो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर असेल किंवा गावच्या घरी, भावाच्या कपाटात ठेवलेल्या डिस्कवर असेल. चोरी, आग, पूर, विजेचा झटका या गोष्टी एका घरातल्या सगळ्या डिस्कना एकदम गाठतात, म्हणून हा तिसरा आकडा.

कोणती डिस्क घ्यायची

आज जेवढे फोटो आहेत त्याच्या किमान दुप्पट जागा घ्या. फोटो एकटे फार जागा खात नाहीत; १२ मेगापिक्सेलचा जेपेग साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. जागा व्हिडिओ खातात. फोरके ६० फ्रेमचा एक मिनिटाचा व्हिडिओ आजच्या फोनवर ४०० एमबीच्या आसपास जातो. नाचाच्या कार्यक्रमाचं दहा मिनिटांचं शूटिंग म्हणजे ४ जीबी. २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते तेव्हा घाबरू नका. कंपनी टीबी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. डिस्क कमी दिलेली नसते.

कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी साधी फिरती हार्ड डिस्क पुरते आणि स्वस्तही पडते. रोज बॅगेतून फिरणार असेल तर एसएसडी घ्या, कारण तिच्यात फिरणारा भाग नाही आणि पडल्यावर ती बहुधा टिकते. मात्र एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता ठेवण्यासाठी बनलेली नाही. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सियसला विजेशिवाय एक वर्ष डेटा धरून ठेवणं अपेक्षित असतं. नवी, कमी वापरलेली एसएसडी यापेक्षा खूप जास्त टिकते, पण तापमान वाढलं की हा काळ घटतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ती विसरून चालणार नाही. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड तर फोटो इकडून तिकडे नेण्यापुरतेच वापरा.

ऑनलाइन दोन-तीन हजारांत ‘१६ टीबी एसएसडी’ दिसली तर घेऊ नका. तिच्या आत बहुतेकदा छोटं मेमरी कार्ड असतं आणि कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो. कॉपी शेवटपर्यंत व्यवस्थित चालते, फाइलींची नावं दिसतात, आतला डेटा मात्र नसतो. शंका असेल तर फोटो टाकण्याआधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफथ्री हे मोफत प्रोग्रॅम चालवा. ते डिस्क काठोकाठ भरतात आणि परत वाचून पाहतात. यात रात्र जाते, पण उत्तर पक्कं मिळतं.

शक्य असेल तर दोन डिस्क वेगळ्या कंपनीच्या किंवा निदान वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या असाव्यात. एकाच बॅचमधल्या डिस्कमध्ये दोष असेल तर तो दोन्हींत असतो.

फॉरमॅट: पहिला अडथळा

नवी डिस्क कोणत्या फाइल सिस्टीमची, म्हणजे फाइली लिहिण्याच्या कोणत्या पद्धतीची आहे ते फोटो टाकण्याआधी बघा, कारण नंतर बदलायची म्हटली तर ती पुसावी लागते. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मग शंभर फोटो जातात आणि लग्नाचा व्हिडिओ अडकतो, डिस्कवर जागा असली तरी. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस घ्या. फक्त मॅक असेल तर एपीएफएस. दोन्हीकडे डिस्क जोडायची असेल तर एक्सफॅट चालते, पण तिच्यात जर्नल नसतं. म्हणजे लिहिणं चालू असताना केबल निघाली तर अर्धवट राहिलेली नोंद दुरुस्त करायला तिच्याकडे आधार नसतो. एक्सफॅट डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’ केल्याशिवाय कधीही ओढू नका.

फोनमधून बाहेर काढताना

अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडला की तो डिस्क म्हणून दिसत नाही, एमटीपी या पद्धतीने जोडला जातो. ही पद्धत हजारो फाइलींवर अडखळते आणि मध्येच तुटली तर पुढे सुरू करता येत नाही. म्हणून डीसीआयएम हे कॅमेऱ्याच्या फोटोंचं सगळं फोल्डर एकदम ओढू नका. महिन्यामहिन्याचे किंवा हजार-हजारचे गठ्ठे करा. फोनची स्क्रीन चालू ठेवा. टाइप-सी असलेली एसएसडी थेट फोनला लावून फोनच्याच फाइल मॅनेजरमधून कॉपी केलं तर बहुतेक वेळा हे काम जास्त सुरळीत होतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वेगळ्या जागी असतात: अँड्रॉइड, मग मीडिया, त्यात व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर. कॅमेऱ्याचं फोल्डर उचललं म्हणजे सगळं आलं असं होत नाही. या फोटोंमधली एक्झिफ माहिती, म्हणजे काढल्याची तारीख, कॅमेरा, ठिकाण, व्हॉट्सअ‍ॅपने काढून टाकलेली असते. तारीख फक्त फाइलच्या नावात उरते आणि तीही बहुधा फोटो पाठवल्याची. त्यामुळे ही नावं बदलू नका. पुढच्या वेळी नातेवाइकांकडून लग्नाचे फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा, मूळ फाइल जशीच्या तशी येते.

आयफोन विंडोजला जोडणाऱ्यांना ‘डिव्हाइस काम करत नाही’ अशा अर्थाचा संदेश वारंवार दिसतो. बहुतेकदा केबल ठीक असते. आयफोन २०१७ पासून, आयओएस ११ आल्यापासून, फोटो हाइक या फॉरमॅटमध्ये ठेवतो आणि ‘ऑटोमॅटिक’ सेटिंगवर कॉपी करतानाच त्यांचं जेपेग करत बसतो. त्यात दम लागला की जोडणी तुटते. सेटिंग्जमध्ये फोटोजच्या पानावर अगदी खाली ‘कीप ओरिजिनल्स’ निवडा. मूळ फाइल येतात, वेगाने येतात, आणि दर्जाही घटत नाही. लाइव्ह फोटोच्या दोन फाइल असतात, एक फोटो आणि एक छोटा व्हिडिओ. एकसारख्या नावांचे छोटे व्हिडिओ फालतू समजून उडवू नका.

गुगल फोटोजमधून: इथे वेळ द्या

१ जून २०२१ ला गुगलने ‘हाय क्वालिटी’ फोटोंची अमर्याद मोफत साठवण बंद केली, आणि १५ जीबी संपल्यावर अनेकांनी फोटो खाली उतरवायला सुरुवात केली. त्यासाठी गुगल टेकआउट ही सोय आहे. ती चांगली चालते, पण जे मिळतं ते बघून लोक गोंधळतात.

टेकआउटच्या पानावर आधी ‘डीसिलेक्ट ऑल’ करून फक्त गुगल फोटोज निवडा. नाहीतर ईमेलपासून नकाशांपर्यंत सगळं येतं. झिपचा आकार विचारला जातो. इंटरनेट स्थिर असेल तर ५० जीबी, नसेल तर १० जीबी. २ जीबी ठेवलंत तर मोठ्या संग्रहाच्या शंभरेक झिप होतात आणि एखादी राहून जाते. तयार झालेली लिंक साधारण सात दिवस चालते, म्हणून तेवढ्या आठवड्यात उतरवायला वेळ आणि डेटा आहे ना, ते आधी ठरवा.

सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उलगडा. हे महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक फोटोसोबत एक जेसॉन फाइल, म्हणजे त्या फोटोची माहिती लिहिलेली छोटी मजकुराची फाइल, येते आणि फोटो एका झिपमध्ये, त्याची जेसॉन दुसऱ्या झिपमध्ये असं सर्रास होतं. कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख फोटोच्या आत असतेच. पण तुम्ही गुगल फोटोजमध्ये हाताने बदललेली तारीख, स्कॅन केलेल्या जुन्या अल्बमला दिलेली तारीख, जोडलेलं ठिकाण आणि लिहिलेलं वर्णन फक्त जेसॉनमध्ये असतं. या फाइली कचरा समजून पुसल्या तर आजीचा १९६२ चा फोटो यंदाच्या तारखेला जाऊन बसतो. जेसॉनमधली तारीख फोटोत लिहायचं काम एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम करतो. त्यासाठी कमांड द्यावी लागते. जमत नसेल तर घाई करू नका. जेसॉन फोटोंच्या शेजारी तशाच जपून ठेवा, ते काम दोन वर्षांनीही करता येतं. फाइलचं नाव फार लांब असेल तर जेसॉनचं नाव मध्येच कापलेलं दिसतं, त्यामुळे काही जोड्या हाताने लावाव्या लागतात.

आणखी एक: टेकआउटमध्ये वर्षावार फोल्डर असतात आणि शिवाय अल्बमची फोल्डर. अल्बममधला फोटो दोन्हीकडे येतो. म्हणून एकूण आकार गुगलने दाखवलेल्या आकड्यापेक्षा जास्त निघतो. दुहेरी फोटो काढण्याचं काम आत्ता नको. आधी सगळं सुरक्षित दोन डिस्कवर जाऊ द्या, मग आवराआवर.

मॅकवर फोटोज अ‍ॅप असेल तर

मॅकवर ‘फोटोज लायब्ररी’ ही एकच फाइल दिसते, पण ती मोठी पेटी आहे: आत मूळ फोटो, एडिट, चेहऱ्यांची माहिती, डेटाबेस. पेटी उघडून आतली फोल्डर उचलू नका, अख्खी न्या. फोटोज अ‍ॅप बंद करा, पिक्चर्समधली लायब्ररी एपीएफएस डिस्कवर ओढा, कॉपी पूर्ण होऊ द्या. मग ऑप्शन की दाबून फोटोज उघडा आणि नवी लायब्ररी निवडा. आयक्लाउड वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये ‘यूज अ‍ॅज सिस्टीम फोटो लायब्ररी’ हेही करावं लागतं.

दोन खाचखळगे. ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असेल तर लायब्ररीत अनेक फोटोंच्या छोट्या प्रतीच असतात, मूळ फाइल आयक्लाउडवर. अशा लायब्ररीची दहा डिस्कवर कॉपी केली तरी मूळ फोटो कुठेच आलेले नसतात. ‘डाउनलोड ओरिजिनल्स’ निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा; मोठ्या संग्रहाला काही दिवस लागतात. दुसरा खळगा टाइम मशीन या मॅकच्या स्वतःच्या बॅकअपचा. टाइम मशीन बाहेरच्या डिस्क आपोआप वगळतं. लायब्ररी बाहेर हलवली त्या दिवसापासून तिचा बॅकअप गुपचूप थांबतो, अगदी टाइम मशीन ‘पूर्ण’ असं सांगत असलं तरी. वगळलेल्यांच्या यादीतून ती डिस्क काढा. आणि टाइम मशीनच्याच डिस्कवर लायब्ररी ठेवू नका.

लाइटरूम हे फोटो एडिट करण्याचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी फोल्डर लाइटरूमच्या आतूनच हलवावीत. बाहेरून हलवली तर त्याच्या कॅटलॉगला, म्हणजे फोटोंच्या यादीला, ती सापडत नाहीत.

कॉपी, आणि कॉपी खरी झाली का

कधीही कट-पेस्ट नाही, नेहमी कॉपी. दोन डिस्कमध्ये कट-पेस्ट करताना गेलेली फाइल इकडून पुसत पुढे जातात. मध्ये वीज गेली की अर्धा संग्रह इथे, अर्धा तिथे, आणि सीमेवरची फाइल कदाचित फुटलेली.

वेळेचा अंदाज घ्या. ४०० जीबी जुन्या यूएसबी २ पोर्टमधून सेकंदाला ३५ एमबीने गेले तर तीन तासांहून जास्त लागतात. यूएसबी ३ वर साधी हार्ड डिस्क ११० एमबीने घेते, म्हणजे तासाभराचं काम. प्रत्यक्षात हजारो लहान फाइलींमुळे जास्तच लागतो. वेग अचानक फार कमी दिसला तर आधी केबल बदला. फोनसोबत येणाऱ्या पुष्कळ टाइप-सी केबल फक्त यूएसबी २ च्या असतात. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि स्लीप बंद करा.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि ‘साइझ’ बाइटपर्यंत जुळवा. ‘साइझ ऑन डिस्क’ जुळणार नाही, ती फॉरमॅटवर अवलंबून असते. दोन-चार फाइलींचा फरक असेल तर तो बहुधा थंबनेलच्या लपलेल्या फाइलींचा. संख्या जुळली म्हणजे आतला मजकूर जुळला असं मात्र नाही. त्यासाठी टेराकॉपीमधलं ‘व्हेरिफाय’ किंवा फ्रीफाइलसिंकमधली ‘फाइल कंटेंट’ ही तुलना वापरा. दोन्ही मोफत मिळतात आणि प्रत्येक फाइल पूर्ण वाचून ताडतात. तुलना करण्याआधी डिस्क इजेक्ट करून पुन्हा जोडा. नाहीतर नुकताच कॉपी केलेला डेटा रॅममधूनच वाचला जातो आणि डिस्कवर काय उतरलंय ते कळतच नाही.

मग वेगवेगळ्या वर्षांतले काही फोटो आणि सगळ्यात मोठे दोन-तीन व्हिडिओ प्रत्यक्ष उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून बघा.

तारखांबद्दल थोडं. विंडोजमध्ये कॉपी केलेल्या फाइलची ‘क्रिएटेड’ तारीख आजची होते, ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते, आणि खरी तारीख ‘डेट टेकन’मध्ये, फोटोच्या आत असते. क्रम लावताना तीच वापरा. व्हिडिओ वेगळे वागतात: एमपीफोर फाइल वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिते. काही सॉफ्टवेअर ती भारतीय वेळेत बदलत नाहीत आणि पहाटे चारचा लग्नघरातला व्हिडिओ आदल्या रात्री साडेदहाचा दिसतो. साडेपाच तासांचा हा फरक दिसला तर कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं नाही.

फोल्डरची नावं वर्षापासून सुरू करा, २०२३-०९-१९ गणपती अशी. आपोआप क्रमाने लागतात. देवनागरी नावं आज सगळीकडे चालतात. फक्त जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मॅकच्या डिस्कवर ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ अधिक नुक्ता असं तोडून साठवलं जातं, त्यामुळे ‘दुसऱ्या दिवशी’ नावाची दोन फोल्डर एखाद्या प्रोग्रॅमला वेगळी वाटू शकतात. तुलना करताना असं काही दिसलं तर नाव दोन्हीकडे नव्याने टाइप करा.

दुसरी प्रत आणि तिची निगा

दुसरी प्रत महिन्यातून एकदा ताजी करा, आणि एरवी ती डिस्क काढून ठेवा. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद करतं. कपाटातल्या डिस्कपर्यंत ते पोचत नाही. फ्रीफाइलसिंकमध्ये ‘मिरर’ निवडताना जपा, कारण मूळ ठिकाणी चुकून पुसलेलं फोल्डर मिरर दुसरीकडूनही पुसतं. फोटोंसाठी ‘अपडेट’ बरं, किंवा मिररच हवं असेल तर पुसलेल्या फाइली ‘व्हर्जनिंग’च्या फोल्डरमध्ये जातील असं ठेवा.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने कनेक्टर गंजतात. झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात सिलिका जेलसह डिस्क ठेवा आणि जेल दर पावसाळ्याआधी बदला. गारव्यातून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच जोडू नका, आत बाष्प धरतं, तासभर थांबा. सहा महिन्यांनी एकदा ती चालवा आणि वर्षातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ या डिस्कच्या खराब होत चाललेल्या भागांचा आकडा शून्यावरून वाढू लागला असेल तर नवी डिस्क त्याच आठवड्यात घ्या.

घराबाहेर जाणारी डिस्क एन्क्रिप्ट करावी, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करावी, कारण फोटोंमध्ये आधार, पॅन, बँकेची कागदपत्रंही असतात. विंडोज प्रोमध्ये ते त्यातल्याच बिटलॉकर या सोयीने करता येतं. होम आवृत्तीवर अशी डिस्क उघडता येते, बनवता येत नाही. रिकव्हरी की कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. पासवर्ड आणि की दोन्ही हरवले तर ते फोटो कोणीही परत आणू शकत नाही.

डिस्क टकटक आवाज करू लागली तर लगेच काढा आणि पुन्हा पुन्हा जोडून बघू नका. प्रत्येक प्रयत्नात हेड पृष्ठभाग खरवडत असू शकतं. आवाज नसेल आणि विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ विचारत असेल तर नाही म्हणा, दुसरी केबल, दुसरं पोर्ट बघा. चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रॅम चालवू नका, बिघडत्या डिस्कवर ते उरलेलंही विस्कटू शकतं. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी सर्किट थेट डिस्कवरच जोडलेलं आणि एन्क्रिप्ट करणारं असतं, त्यामुळे खोका फोडून आतली डिस्क दुसरीकडे लावायची युक्ती तिथे चालत नाही.

आता डिलीट

दोन्ही प्रती ताडून झाल्या, फोटो उघडून बघितले, एक डिस्क दुसऱ्या घरी गेली, की लॅपटॉपवरचं जुनं फोल्डर पुसा. त्याआधी शक्य असेल तर महिनाभर थांबा आणि तोवर नवी डिस्क नेहमीसारखी वापरा. राहून गेलेलं काही असेल तर ते याच काळात लक्षात येतं. अँड्रॉइड फोनवर जागा हवी असेल तर गुगल फोटोजमधलं ‘फ्री अप स्पेस’ वापरा, ते फक्त फोनवरची प्रत काढतं. त्याच अ‍ॅपमध्ये फोटो निवडून नेहमीचं डिलीट दाबलं तर तो क्लाउडवरूनही जातो आणि बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो. आयक्लाउडचंही तसंच, फक्त तिथे मुदत ३० दिवसांची. आयफोनवर पुसलेला फोटो मॅकवरूनही गेला, असं कळायला अनेकांना ते तीस दिवस उलटून जातात. तेव्हा आयक्लाउड चालू असलेल्या फोनवर जागा करायची असेल तर फोटो पुसण्याऐवजी ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू करा.